मराठी प्रबंधाचा प्लॅगरिझम रिपोर्ट ३ टक्के आला, त्यावर विसंबायचं का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न गाईड, ग्रंथपाल, संशोधक सगळ्यांसाठी आहे.

मराठवाड्यातल्या विद्यापीठांत मराठी, इतिहास, लोकप्रशासन, अर्थशास्त्र या विषयांचे बरेच प्रबंध मराठीतून लिहिले जातात. त्यांचे सिमिलॅरिटी रिपोर्ट (मजकूर किती टक्के दुसरीकडे जुळतो ते सांगणारे) येतात २, ३, फार तर ५ टक्के. इंग्रजी प्रबंधांचे मात्र सहज १५-२०. म्हणजे मराठीत लिहिणारे जास्त प्रामाणिक असं मानायचं का? मला तसं वाटत नाही. वाचताना स्पष्ट जाणवतं की हे प्रकरण एका हाताचं नाही, पण रिपोर्ट हिरवा, म्हणजे सगळं ठीक. मग समितीपुढे काय ठेवायचं? आणि उलट बाजूही आहे: ज्याने खरंच मेहनत केली त्याचा आकडा फुगून येतो, त्याचं काय?

सॉफ्टवेअर नेमकं कुठे चुकतं आणि माणसाने काय बघायचं, यावर ठोस माहिती हवी आहे. प्रवचन नको.

ग्रंथपाल_परभणी
गोदाकाठ सर, पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती फार कमी ठिकाणी होते. प्रबंधाची पीडीएफ उघडा, मधल्या एखाद्या प्रकरणातला परिच्छेद कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर पुढे जा. रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असा खिचडा दिसला, तर तो मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. आपल्या डोळ्यांना 'दुष्काळ' दिसतो, यंत्राला नुसता अर्थहीन अक्षरांचा ढीग. तो जगात कशाशीच जुळत नाही, म्हणून रिपोर्ट शून्य किंवा दोन टक्के. जे दोन टक्के येतात तेही बहुधा इंग्रजीत टाइप केलेल्या संदर्भसूचीचे.

दुसरं आंधळेपण समोरच्या बाजूला आहे. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन संग्रहावर, जे जुने मराठी प्रबंध चढवले आहेत, त्यांतले पुष्कळ याच फॉन्टमध्ये किंवा नुसते स्कॅन केलेले. म्हणजे तपासायचा प्रबंध युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना सारखंच वाचता येईल अशा पद्धतीत) असला तरी ज्याच्यातून उचललं तो प्रबंध यंत्राला वाचताच येत नाही. छापील मराठी पुस्तकांचं तर विचारूच नका. युनिकोड मराठीत सहज सापडणारा मोठा मजकूर म्हणजे विकिपीडिया, मराठी विश्वकोश, वर्तमानपत्रांची संकेतस्थळं. त्यांच्यातून उचललेलं तेवढं सापडतं.

मन्याड
+१. नोटपॅडची युक्ती वाचनखूण म्हणून साठवली.

पानकळा
ग्रंथपालताई, एक दुरुस्ती. जुना फॉन्ट सापडला म्हणजे विद्यार्थ्याने लबाडी केली, असा सूर नको. प्रबंध डीटीपीवाल्याकडे टाइप होतो, त्याचा सगळा धंदा लग्नपत्रिका आणि पुस्तकांच्या छपाईवर उभा, त्याच्या बोटांत तोच कीबोर्ड बसलेला. विद्यार्थ्याला युनिकोड म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. नियम विद्यापीठाने करायला पाहिजे: युनिकोडशिवाय फाईल घेणार नाही. तो नियम नसताना पोराला दोष काऊन द्यायचा?

ग्रंथपाल_परभणी
मान्य. दोष द्यायचा नाही, फाईल परत करायची. कन्व्हर्टरने युनिकोड करून घेता येतं, पण ते केल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. 'मार्गदर्शक'चा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसणं ही नेहमीची चूक. मूळ फाईल हातात नसेल तर पानं ३०० डीपीआयने चित्ररूपात काढून टेसरॅक्टचा मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) चालवावा, किंवा गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडावं. ओसीआरचा मजकूर शोधताना लांब वाक्य टाकू नका, एखादं अक्षर हमखास चुकलेलं असतं. पाच-सहा शब्दांचा तुकडा अवतरणचिन्हांत घालून शोधा, आणि तुकडा निवडताना त्यात एखादं गावाचं नाव किंवा आकडा येईल असा बघा.

कोडवाला_जालना
युनिकोड झालं म्हणजे सुटलो असंही नाही. एकच शब्द घ्या, 'शेतकऱ्यांच्या'. आपल्याकडच्या शेतीवरच्या प्रबंधात तो पानापानावर असतो. त्यातला 'ऱ्या' तीन तऱ्हांनी टाइप होतो:

पहिली, टिंबवाला ऱ, हलन्त, य. दुसरी, साधा र, खाली नुक्ता (टिंब), हलन्त, य. तिसरी, साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, मग य.

पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. पहिला आणि दुसरा युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याने) एक होतात. तिसरा होत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. तोच प्रकार 'ॲड.'चा: काही कीबोर्ड 'ॲ' हे एकच अक्षर देतात, काही 'अ' आणि वर चंद्र असे दोन. सॉफ्टवेअरने ही सफाई केली नसेल तर सारखी वाक्यं वेगळी ठरतात.

आता जुळणी कशी होते ते बघा, मग पुढचं लक्षात येईल. ढोबळमानाने मजकुराचे सलग पाच-पाच शब्दांचे तुकडे पाडतात, एक शब्द पुढे सरकत. प्रत्येक तुकड्याला एक आकडा देतात आणि त्यांतले निवडक आकडे साठवून जुळवतात. एक शब्द बदलला की त्याला धरून असलेले पाचही तुकडे मोडतात. दर पाचवा शब्द बदलला तर एकही तुकडा शाबूत राहत नाही. इंग्रजीत त्यासाठी खटपट करावी लागते. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे 'शेतकऱ्यांनी पीककर्ज घेतले' याचं 'शेतकऱ्यांकडून पीककर्ज घेण्यात आले' केलं की तीन शब्दांपैकी मधला एकच शिल्लक. मूळ धातू-नाम ओळखून जुळवणारी पद्धत असेल तर हे पकडता येतं. नसेल तर नाही.

गोदाकाठ
कोडवाला, हे फार उपयोगाचं. म्हणजे कमी आकडा हा पुरावाच नाही. आता फुगलेल्या आकड्याबद्दल कुणी सांगेल का? संत साहित्याच्या प्रबंधांचे ३५-४० टक्के आलेले दिसतात.

ओवीछंद
त्याचं कारण अभंग, सर. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांच्यावर लिहायचं तर मूळ रचना पानोपानी द्याव्याच लागणार, आणि त्या इंटरनेटवर शेकडो ठिकाणी आहेत. नियमानुसार श्रेय दिलेलं अवतरण मोजायचं नसतं. पण यंत्राला अवतरण कळतं ते बहुधा दुहेरी अवतरणचिन्हांवरून. आपली पद्धत म्हणजे अभंग समासापासून आत घेऊन, चिन्हांशिवाय, शेवटी क्रमांक. शिवाय बरेच जण एकेरी चिन्हं वापरतात, तीही बहुतेक वेळा धरली जात नाहीत.

उपाय साधा आहे. तपासणीच्या प्रतीत प्रत्येक अभंगाला दुहेरी चिन्हं घाला आणि 'अवतरणे वगळा' हा पर्याय चालू आहे का ते ग्रंथालयात विचारा. संदर्भसूचीचंही तेच. 'संदर्भ ग्रंथसूची' हे मराठी शीर्षक यंत्राला ओळखता आलं नाही तर सगळी सूची मोजली जाते, म्हणून तपासणीपुरती ती फाईलमधून काढून ठेवावी. काय काढलं याची नोंद मात्र रिपोर्टबरोबर गाईडच्या सहीने जोडावी.

नियमावली
इथे बरेच जण '१० टक्के चालतं' असं म्हणतात, म्हणून नियम नीट मांडतो. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे विनियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १०च्या वर ४० पर्यंत: ठरवून दिलेल्या मुदतीत, जी ६ महिन्यांपेक्षा जास्त नसते, दुरुस्त प्रबंध द्यायचा. ४०च्या वर ६० पर्यंत: वर्षभर दुरुस्त प्रबंध देता येत नाही. ६०च्या वर: नोंदणी रद्द. हे मोजताना श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं वगळायची. सलग १४ शब्दांपर्यंतचं सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले शब्दही धरायचे नाहीत.

'१० टक्के चालतं' याचा अर्थ '१० टक्के चोरा' असा होत नाही. २५० पानांच्या प्रबंधात ९ टक्के म्हणजे साधारण २२ पानं. ती चार-चार शब्दांनी विखुरलेली असतील तर काही बिघडत नाही. तीच २२ पानं सलग, एकाच प्रबंधातून, निष्कर्षाच्या प्रकरणात आली असतील तर? आकडा दोन्हीकडे तोच. म्हणून एकूण टक्केवारीकडे बघण्याआधी स्रोतांची यादी उघडा आणि एका स्रोताशी जास्तीत जास्त किती जुळलं ते बघा.

आणखी एक: असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका या विनियमांत येत नाहीत. बीएच्या मुलाला या दंडाची भीती घालू नका.

तेरणा
सॉफ्टवेअर बदललं की आकडा बदलतो हेही लिहा. २०१९ पासून शोधशुद्धी या विद्यापीठांना तपासणी-सॉफ्टवेअर देणाऱ्या योजनेतून आधी उरकुंड मिळालं, पुढे त्याचं नाव ओरिजिनल झालं, आता ड्रिलबिट. प्रत्येकाचा तुलनेसाठीचा साठा वेगळा. एका ठिकाणी ८ आणि दुसऱ्या ठिकाणी १९ आलं तर कुणी खोटं बोलत नाही.

मन्याड
अवांतर: याला 'वाङ्मयचौर्य' म्हणतात सगळे, पण संशोधनातली आकडेवारी चोरली तर ते वाङ्मय कसं? आमच्याकडे 'उचलेगिरी' म्हणतात, ते सगळ्याला लागू पडतं.

ओवीछंद
'उचलेगिरी' चांगला शब्द आहे, पण समितीच्या अहवालात आरोपासारखा वाचला जाईल. तिथे 'अश्रेयित साम्य' लिहावं. साम्य आधी सिद्ध होतं, हेतू नंतर.

पूर्णामाई
मुख्य प्रश्नाकडे येते. रिपोर्ट हिरवा पण वाचताना खटकतं, तेव्हा काय बघायचं? मराठी प्रबंधातली सगळ्यात मोठी वाट हिंदीतून येते. हिंदी पुस्तक किंवा हिंदी प्रबंध घ्यायचा, यंत्राने भाषांतर करायचं, वरवर हात फिरवायचा. शब्द सगळे बदललेले, त्यामुळे रिपोर्टमध्ये काही नाही. पण दोन्ही भाषांत दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असे शब्द खूण ठेवून जातात.

पंचायत राजवरच्या प्रबंधात '७३ वे संविधान संशोधन' दिसलं की थांबा. मराठीत ती घटनादुरुस्ती. संशोधन म्हणजे आपण करतो ते. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती आणि आपल्या संशोधनाला ते अनुसंधान किंवा शोध म्हणतात. शिक्षणशास्त्रात 'शिक्षेचा अधिकार', 'प्राथमिक शिक्षेची स्थिती'. मराठीत शिक्षा तुरुंगात होते. 'राजीनामा' हिंदीत तडजोड, मराठीत पद सोडणं. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, इथे थट्टा. 'शासनाने चेष्टा केली' असं गंभीर प्रकरणात आलं तर मूळ वाक्य कुठलं ते कळतं.

इंग्रजीवरून केलेल्या यंत्र-भाषांतराची खूण वेगळी. व्याजदराचा (इंटरेस्ट रेट) 'स्वारस्य दर' होतो, साखर कारखान्याची (शुगर प्लांट) 'साखर वनस्पती' होते. इंग्रजीतल्या इंग्रजीत शब्द फिरवणाऱ्या साधनांचंही असंच. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेले शोधनिबंध छापले गेले आहेत, आणि अशा मोडक्या शब्दप्रयोगांवरून ते हुडकून काढणारं काम २०२१ पासून चालू आहे.

पानकळा
पूर्णाताई, उदाहरणं पटली, पण जपून. नांदेड, हिंगोलीकडे हिंदी-दखनी कानावर पडतच मोठं होतो आपण. स्पर्धा परीक्षेची पुस्तकंही हिंदी वाचलेली असतात. 'संविधान संशोधन' हा शब्द प्रामाणिक माणसाच्या लिखाणातही येऊ शकतो.

पूर्णामाई
बरोबर. एका शब्दावर काहीच ठरवू नये. एकाच प्रकरणात अशा तीन-चार खुणा, त्यातही इतर प्रकरणांत त्याच जागी अचूक मराठी शब्द, असं असेल तरच पुढे जायचं. त्या परिच्छेदाचा उलटा हिंदी अनुवाद करून हिंदीत शोधायचं. मूळ सापडलं तर पुरावा, नाही सापडलं तर ती नुसती शंका. शंका फाईलमध्ये लिहायची नाही.

जुनी_सनद
इतिहास आणि भूगोलाच्या प्रबंधांसाठी एक हुकमी खूण: जिल्हे मोजा. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, लातूर १९८२ च्या ऑगस्टमध्ये, हिंगोली १ मे १९९९ ला. आज आठ जिल्हे. २०२० नंतरच्या प्रबंधात 'मराठवाड्यातील सात जिल्ह्यांत' असं वर्तमानकाळात आलं, तर तो परिच्छेद १९८२ ते १९९९ मधल्या लिखाणातला. पाच असतील तर १९८१ च्याही आधीचा. कळमनुरी तालुका 'परभणी जिल्ह्यात' दाखवला असेल तर तेच. 'अलीकडील जनगणनेनुसार' म्हणून १९९१ चे आकडे, हीसुद्धा तीच जात.

तळटिपा दुसरी जागा. परिच्छेद उचलताना टिपाही जशाच्या तशा येतात. मूळ प्रबंधात टीप २३ एखाद्या ग्रंथाची आणि २४ वर 'तत्रैव, पृ. ११२', म्हणजे वरच्याच ग्रंथात. उचलणाऱ्याने फक्त २४ घेतली, तर ते 'तत्रैव' आता भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. ते पुस्तक काढून पान ११२ उघडा. पुस्तकच ९० पानांचं निघालं की विषय संपतो. एका माणसाने केलेली चूक, म्हणजे चुकलेलं साल, चुकीचा पृष्ठक्रमांक, दुसऱ्याकडे जशीच्या तशी आली तर योगायोग म्हणता येत नाही. खरं वाक्य दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकतं, तीच चूक सुचत नाही.

तिसरं, अनुस्वार. १९६२च्या लेखननियमांनी 'कांहीं', 'नाहीं', 'असें' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. आजच्या लेखकाच्या मजकुरात मधेच दोन पानं 'कांहीं' दिसू लागलं, तर समोर जुनं पुस्तक ठेवून टाइप केलंय.

कोडवाला_जालना
जुनी सनद, जिल्ह्यांची युक्ती कुठलंही सॉफ्टवेअर करणार नाही. लई भारी.

सोयगाव_सायन्स
एआयचं काय? आता कुणी उचलत नाही, लिहून घेतात.

कोडवाला_जालना
आकड्यावर तिथे मुळीच जाऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखणारं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत मागे घेतलं. टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने एप्रिल २०२३ मध्ये एआय-ओळख सुरू केली. पुढे २० टक्क्यांखालचा आकडा दाखवणंच बंद केलं, कारण त्या पट्ट्यात खोटे इशारे जास्त. २०२३ च्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात साधनांतून काढले. ते निबंध माणसांनी लिहिलेले होते. सरासरी ६१ टक्के वेळा 'यंत्राने लिहिलं' असा निकाल आला. साधी वाक्यं, ठरावीक शब्द, म्हणजे आपली मुलं जसं इंग्रजी लिहितात तसंच. या आकड्यावर कुणाचं वर्ष वाया घालवणं हा अन्याय आहे.

पुरावा संदर्भांत असतो. यादीतून कुठलेही १५ संदर्भ निवडा. पुस्तक आहे का, त्या प्रकाशकाचं आहे का, नियतकालिकाच्या त्या अंकात त्या पानांवर तो लेख आहे का, एवढंच बघा. यंत्र खरा लेखक आणि खरं नियतकालिक घेऊन मधला लेख रचतं. दोन संदर्भ अस्तित्वातच नसतील तर यंत्राने लिहिलं की माणसाने, हा वाद दुय्यम ठरतो.

तेरणा
वर्डच्या फाईलमधून कळत नाही का? माहितीच्या पानावर एकूण संपादन वेळ दिसतो. २०० पानं आणि वेळ ४० मिनिटं...

पानकळा
परत तोच डीटीपीवाला, तेरणाभाऊ. लेखक म्हणून त्याच्या दुकानाचं नाव येणार. मजकूर नव्या फाईलीत चिकटवला की घड्याळ पुन्हा शून्यापासून. आपल्याकडे फाईलच्या माहितीवरून काहीही सिद्ध होत नाही. हाताने लिहिलेला कच्चा खर्डा, भरलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींच्या नोंदी मागा.

नियमावली
यालाच जोडून, विकत घेतलेला प्रबंध. तो नव्याने लिहिलेला असतो, त्यामुळे सिमिलॅरिटी खरोखरच शून्य येते आणि कुठलंच सॉफ्टवेअर तो पकडू शकत नाही. तिथे फक्त प्रश्न कामाला येतात. 'तुमचं गृहीतक काय' हे पाठ करून येता येतं. त्याऐवजी तक्ता उघडून विचारा: तक्ता ४.७ मध्ये ३०० पैकी २८८ प्रतिसादकच का, १२ कुठे गेले? हे गाव नमुन्यात का घेतलं? प्रश्नावलीतला नववा प्रश्न मुद्दाम उलटा का विचारला? आकडेमोड ज्याने केली तो अडखळत का होईना सांगतो.

सोयगाव_सायन्स
एक व्यावहारिक चूक राहिली. कच्चा मसुदा कुणीतरी आधी तपासून घेतो आणि तपासताना तो साठ्यात जमा होतो. अंतिम प्रबंध तपासला की ९० टक्के साम्य, स्वतःशीच. तपासणीला देताना 'साठ्यात जमा करू नये' हा पर्याय निवडायला सांगा. तसं झालंच तर तो एक स्रोत वगळून दुसरा रिपोर्ट काढता येतो, घाबरायचं कारण नाही. स्वतःचा छापलेला शोधनिबंध प्रकरणात घेतला असेल तर मात्र तो कुठे, कधी छापला हे लिहायलाच हवं.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्न परत विचारतो. समजा ३ टक्क्यांचा रिपोर्ट आहे, 'सात जिल्हे' सापडले, दोन 'तत्रैव' चुकीच्या पुस्तकाकडे जातात. पुढे काय? गाईडने परस्पर बोलायचं, की समितीकडे?

नियमावली
मूळ स्रोत हातात आल्याशिवाय समितीकडे नको. आला की दोन रकान्यांचा तक्ता करा: डावीकडे प्रबंधाचं पान व परिच्छेद, उजवीकडे मूळ पुस्तकाचं पान, मुखपृष्ठ आणि प्रकाशनवर्षाच्या पानासह छायाप्रत. दहा ठिकाणं भक्कम असली की पुरे, शंभर अंधूक नकोत. तो विभागाच्या शैक्षणिक सचोटी समितीकडे द्यायचा. तिच्यात विभागप्रमुख, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि तपासणी-साधनांचा जाणकार असे तिघे. ४५ दिवसांत त्यांनी संस्थेच्या समितीकडे अहवाल द्यायचा, तिलाही ४५ दिवस. विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. टक्केवारी ३ दिसत असली तरी श्रेय न दिलेली पानं हाताने मोजून खरी टक्केवारी मांडता येते. यंत्राचा आकडाच अंतिम, असं विनियमांत कुठेही नाही.

ग्रंथपाल_परभणी
मूळ स्रोत शोधायला सर, तालुक्याच्या जुन्या वाचनालयात आणि त्याच विभागाच्या कपाटात आधी बघा. बाइंडिंग केलेले जुने प्रबंध तिथेच असतात, आणि उचलणाऱ्यालाही तेच जवळ पडतात. १९८२ ते १९९९ एवढी मुदत हातात आहे, विषयही माहीत आहे. नोंदवहीत पाच-सात नावांपेक्षा जास्त निघणार नाहीत.

गोदाकाठ
उद्या विभागाची नोंदवही काढतो. काय सापडलं ते नाव न घेता इथेच लिहीन.